मेटल डिटेक्टर : आम्हाला हवा तो आणि बाजारात मिळतो तो

गेल्या काही महिन्यांत या पानाकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे. विचारणारे मात्र अगदी वेगवेगळे आहेत. एक जण अंबडच्या बाजूला भंगाराचा धंदा करतो. दुसऱ्याची लाकडाची वखार आहे. तिसरा बारावी करून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि त्याला नुसता छंद म्हणून यंत्र घ्यायचे आहे. तिघांचेही म्हणणे असे की, जमिनीतला धातू शोधणारा मेटल डिटेक्टर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

याचे उत्तर एका ओळीत देऊन मोकळे होणे आम्हाला जमले असते. पण चौकशी करता करता आमच्या ध्यानात आले की, बाजारात आज जी यंत्रे आहेत ती आपल्याला समोर ठेवून बनलेलीच नाहीत. ती इंग्लंडच्या शेतांसाठी, अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यांसाठी आणि ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या खाणपट्ट्यांसाठी बनली आहेत. म्हणून कोणते यंत्र घ्यावे यापेक्षा उद्याचे यंत्र कसे असावे, हे आधी मांडावे असे आम्हाला वाटते. गिऱ्हाईक मागत नाही तोवर कारखानदार माल बदलत नाही, आणि मागायचे तर नेमके काय मागायचे हे गिऱ्हाइकाला ठाऊक पाहिजे.

आधी यंत्राचे काम थोडक्यात सांगतो. दांड्याच्या टोकाला जी तबकडी असते तिच्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल असते. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज सोडतात. खाली धातू असला तर त्यात आपोआप छोटे प्रवाह फिरू लागतात आणि ते उलट तबकडीला किंचित धक्का देतात. हा धक्का किती जोराचा आणि किती उशिरा आला, एवढेच यंत्राला कळते. यंत्राला सोने दिसत नाही, तांबे दिसत नाही. त्या उशिरावरून ते एक आकडा काढते आणि आपण त्या आकड्याला सोने किंवा तांबे म्हणतो. सारा घोटाळा इथेच सुरू होतो.

दुकानदार पहिली गोष्ट सांगतो ती खोलीची. "साहेब, दहा फुटांपर्यंत पकडते." वाचकांनी हे वाक्य ऐकले की पाकीट परत खिशात ठेवावे. छोट्या वस्तूचे अंतर दुप्पट झाले की तिचा परत येणारा संकेत ढोबळमानाने चौसष्टावा हिस्सा उरतो. वीतभर खोल असलेले नाणे ओळखणारे चांगले यंत्र दोन वितींवर मुके होते, ते याच कारणाने. कारखान्याने कितीही जोर लावला तरी हा हिशेब सुटत नाही. मोठा हंडा किंवा लोखंडी पेटी तीन फुटांवर कळू शकेल, पण अंगठी नाही. दुसरे असे की, दुकानात यंत्र दाखवतात ते हवेत नाणे धरून. हवेत जे एक फुटावर वाजते ते मातीत तितक्यावर वाजेलच असे नाही, आणि आपल्या मातीत तर नाहीच नाही.

नाशिकची जमीन दख्खनच्या काळ्या पत्थराची, लाव्हारसातून झालेली. या दगडात आणि त्याच्यापासून झालेल्या काळ्या मातीत लोहकण भरपूर असतात. शाळेत मुले लोहचुंबक मातीत फिरवतात तेव्हा त्याला जी काळी मिशी येते तेच हे कण. यंत्र या कणांनाही उत्तर देते. इंग्लंडातल्या चुनखडीच्या पांढऱ्या मातीत शांत राहणारे यंत्र गंगापूर रोडच्या एखाद्या मळ्यात नेले तर दर पावलाला कुरकुरते. तापलेल्या किंवा लोह जास्त असलेल्या एखाद्या धोंड्यावर तर ते धातू सापडल्यासारखे खणखणीत वाजते. महाग यंत्रांत जमिनीचा हा आवाज वजा करण्याची सोय असते, तिला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. स्वस्त यंत्रांत ती नसते, किंवा कारखान्यात एकदा बसवून दिलेली असते. कारखान्याने ती कुणाच्या मातीवर बसवली हे कोणी सांगत नाही.

तेव्हा आमची पहिली मागणी अशी की, जो कोणी हे यंत्र महाराष्ट्रात विकेल त्याने ते काळ्या मातीत तपासून विकावे. एका मोठ्या कुंडीत वावरातली माती भरावी, पंधरा सेंटिमीटरवर रुपया आणि अंगठी पुरावी, आणि गिऱ्हाइकासमोर यंत्र फिरवून दाखवावे. यात खर्च काही नाही. कपड्याच्या दुकानात आपण तागा उलगडून, उजेडात धरून पाहतोच की नाही?

रुपया म्हटला म्हणून आठवले. या यंत्रांत लोखंड गाळण्याची सोय असते. परदेशात जमिनीत सापडणारे लोखंड म्हणजे खिळे आणि कचरा, तेव्हा ते गाळले की डोकेदुखी कमी. पण आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, म्हणजे चुंबकाला चिकटणारा. परदेशी यंत्र त्याला खिळा समजून गाळते किंवा भलताच आकडा दाखवते. राणीछाप चांदीचा रुपया, ११.६६ ग्रॅमचा, तो मात्र छान ओळखू येतो. तांब्याची शिवराईही ओळखू येते. म्हणजे आज खिशातून पडलेले नाणे यंत्राला दिसत नाही आणि पणजोबाने पुरलेले दिसते. गोदावरीच्या घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी पोरे या बाबतीत लाखाच्या यंत्रापेक्षा पुढे आहेत. त्यांच्या चुंबकाला पाच रुपयांचे पितळी नाणे लागत नाही, एवढीच त्यांची अडचण.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे माणसे नाणी शोधायला यंत्र मागत नाहीत. आपल्याकडे हरवते ते सोने, आणि सोने हरवते ते दागिन्याच्या रूपात. लग्नघरात मांडवाच्या मातीत पडलेली नथ. शेतात निंदणी करताना तुटलेली पोत. नदीवर कपडे धुताना गेलेली बाळी. ज्या घरात वर्षभराच्या कमाईतून एक तोळा झाला असेल तिथे ही चीज गेली की घरात महिनाभर चूल नीट पेटत नाही. आमच्या माहितीतल्या एका घरी सुनेच्या गळ्यातली काळी पोत अंगणात तुटली. मणी सापडले, सोन्याचा सर सापडला नाही. सासू म्हणत होती, "जाऊ दे बेटा, जीव सलामत आहे." पण संध्याकाळी तीच माउली चाळणी घेऊन अंगणातली माती चाळत बसली होती. कोणी तरी डिटेक्टर आणला. तो शेजारच्या खिळ्यावर वाजला, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुचावर वाजला, औषधाच्या गोळ्यांच्या चंदेरी पाकिटावर वाजला. सरावर वाजला नाही. सर पुढे केरात सापडला, तो डोळ्यांनी.

यात यंत्र चालवणाऱ्याचा दोष नव्हता. बारीक साखळी हे या यंत्राचे जुने दुखणे आहे. साखळीची कडी न् कडी सुटी असते, त्यामुळे सबंध साखळीत प्रवाह फिरत नाही. तो एकेका इवल्याशा कडीत फिरतो. एक तोळ्याची अंगठी वाजेल तिथे एक तोळ्याची साखळी वाजत नाही. त्यातून बारीक सोन्याचा आकडा नेमका त्या पाकिटाच्या ॲल्युमिनियमच्या शेजारी येतो. कचरा गाळायला म्हणून ॲल्युमिनियम बंद केले की सोनेही बंद होते. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नसते.

याला उपाय नाही असे नाही. फार बारीक सोन्यासाठी चाळीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आवर्तनांवर चालणारी यंत्रे निघाली आहेत. अलीकडे एकाच वेळी अनेक आवर्तने सोडून उत्तरांची तुलना करणारीही निघाली. ऑस्ट्रेलियाच्या मिनलॅबचे इक्विनॉक्स २०१८ साली आले. फ्रान्सच्या एक्सपीचे आणि इस्तंबूलच्या नोक्ता कंपनीचे त्यानंतर आले. रस्ता तोच आहे. आमचे म्हणणे एवढेच की, या रस्त्याने जाताना त्यांनी अमेरिकन निकेल आणि इंग्लिश पौंड समोर ठेवला, आता कोणी तरी नथ, बाळी आणि बारीक पोत समोर ठेवावी. हिंदुस्थानइतके सोने अंगावर घालणारा दुसरा मुलूख शोधून सापडायचा नाही. मग हरवलेल्या दागिन्याचे यंत्र इथल्या दागिन्यावर का बेतू नये?

सराफ बाजाराच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीचा पूर नाशिकच्या सराफ बाजारात शिरला तेव्हा दुकानांत गाळ साचला. असा गाळ टाकून द्यायचा नसतो हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानातली रोजची झाडलोटसुद्धा झारेकरी मंडळी विकत घेतात, धुतात, आटवतात आणि तिच्यातून सोने काढतात. एका पत्रलेखकाला वाटते की, डिटेक्टर आल्यावर झारेकऱ्यांचे काम संपेल. मुळीच नाही. कानसीच्या भुकटीतले सोन्याचे कण कोणत्याही डिटेक्टरला दिसत नाहीत. ते काम पाण्याचे, पातेल्याचे आणि हाताच्या सवयीचे आहे.

वखारवाल्यांची गोष्ट उलट आहे. जुन्या लिंबाच्या किंवा बाभळीच्या ओंडक्यात खिळा, तारेचा तुकडा, कधी कुणी ठोकलेला घोड्याचा नालसुद्धा निघतो. करवतीचे पाते त्यावर गेले की पाते तर जातेच, पण दाते उडून माणसाला इजा होते. इथे माती नाही, लोहकण नाहीत, त्यामुळे साधे यंत्रही नीट चालते. फक्त लोखंड गाळण्याची सोय बंद करावी लागते. ज्या गोष्टीची जाहिरातीत सर्वांत मोठी टिमकी वाजवतात ती इथे उपयोगाची नाही, उलट नडते. गुरांच्या डॉक्टरांचेही असेच. जनावराच्या पोटात तार, खिळा गेल्याची शंका आली तर हे यंत्र कामी येते. २०२३ साली वाशिम जिल्ह्यात म्हशीने मंगळसूत्र गिळले तेव्हा डॉक्टरांनी डिटेक्टर फिरवून ते पोटात असल्याची खात्री केली आणि मग शस्त्रक्रिया करून काढले. छंदाची वस्तू अशी धंद्यात आणि दवाखान्यात शिरते. कारखानदारांनी तिकडे पाहावे. एका बटणावर "लाकूड" आणि दुसऱ्यावर "जनावर" अशी सोय द्यायला काय हरकत आहे?

भंगारवाल्या बंधूंना आमचे सांगणे जरा कडू लागेल. पितळ, गनमेटल, शिसे, ॲल्युमिनियम वेगळे करायला यंत्राचा आकडा कामी येईल असे त्यांना वाटते. आज तो येणार नाही. आकडा धातूवर अवलंबून असतो तसा आकारावर आणि जाडीवरही असतो. ॲल्युमिनियमचा मोठा ठोकळा आणि तांब्याचा छोटा तुकडा एकच आकडा देऊ शकतात. लोहचुंबक, कानस आणि वजनाचा अंदाज यांवर पिढ्यान् पिढ्या जो धंदा झाला तो आजही या यंत्रापेक्षा सरस आहे. उद्या कोणी असे यंत्र काढले की, तुकडा ठरावीक खाचेत ठेवला असता आकाराचा परिणाम वजा होऊन नुसत्या धातूचा आकडा मिळेल, आणि ते दहा-पंधरा हजारांत बसेल, तर गल्लीगल्लीत खपेल. प्रयोगशाळेतली तशी यंत्रे आहेत, पण त्यांची किंमत भंगारवाल्याच्या आवाक्यातली नाही. आणि एक इशारा. देवळाली तोफखान्याचे ठाणे आहे. अशा कोणत्याही गोळीबाराच्या मैदानाजवळ यंत्र घेऊन जाऊ नये. तिथे जाण्याची परवानगी नसते, आणि न फुटलेला गोळा व घागर यांतला फरक यंत्राला कळत नाही. तो कळण्याची वाट पाहून कोणी खणू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आमच्याकडे आलेल्या पत्रांत एक चौथे पत्रही होते. त्यात दोन पितळी काड्या लावलेल्या एका मुठीच्या यंत्राचे चित्र होते. किंमत दीड लाख. विकणाऱ्याचे म्हणणे असे की, मुठीत सोन्याचा नमुना ठेवला की काड्या आपोआप सोन्याकडे वळतात, अर्धा किलोमीटर लांब असले तरी. पत्र लिहिणाऱ्या भाईंनी दागिने गहाण ठेवून पैसे उभे करण्याची तयारी केली होती. शेतात दफिना आहे असे त्यांच्या घरी तीन पिढ्या बोलले जाते.

असे यंत्र असू शकत नाही. त्यात कॉइल नाही, बॅटरी असली तरी ती कशालाही जोडलेली नसते. काड्या वळतात त्या धरणाऱ्याच्या मनगटाच्या नकळत हलण्याने. याचे सर्वांत भयंकर उदाहरण इराकचे आहे. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने गोल्फचा हरवलेला चेंडू शोधणारे म्हणून विकले जाणारे, काही डॉलरचे एक खेळणे घेतले, त्याचे रूप बदलले आणि एडीई ६५१ या नावाने बॉम्ब शोधणारे यंत्र म्हणून हजारो डॉलरला एक या भावाने विकले. बगदादच्या नाक्यांवर शिपाई ती काडी धरून मोटारी तपासत राहिले आणि बॉम्ब भरलेल्या मोटारी निघून गेल्या. २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची सजा दिली. तरीही ती काडी नाक्यांवर राहिलीच. जुलै २०१६ मध्ये, रमजानच्या अखेरीस, बगदादच्या कराडा भागात ईदच्या खरेदीला आलेल्या गर्दीत स्फोट झाला, तीनशेहून अधिक जीव गेले, तेव्हा कुठे सरकारने ती काढून टाकण्याचा हुकूम दिला. खोटे यंत्र फक्त पैसे खाते असे समजू नये.

आपल्याकडे या काडीच्या मागे बहुधा एक बुवा किंवा बाबा उभा असतो. काडी जागा दाखवते आणि बाबा "अडसर" काढायचे पैसे घेतो. दोन्ही धर्मांत असे लोक आहेत, हे आम्ही लपवत नाही. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या भाईंना आम्ही उलट टपाली कळवले, दागिने घरात राहू द्या. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

म्हणून उद्याच्या यंत्राकडून आमची सर्वांत मोठी मागणी खोलीची नाही आणि रंगीत पडद्याचीही नाही. यंत्राला जे ठाऊक नाही ते "ठाऊक नाही" असे त्याने दाखवावे. आज पडद्यावर ठळक आकडा उमटतो, शेजारी अंगठीचे चित्रही येते. खरे म्हणजे वीतभर खोलीवरून आलेला कमजोर संकेत दहा वस्तूंचा असू शकतो. तसे असेल तर पडद्याने दहाच्या दहा दाखवाव्यात, किंवा नुसता आवाज द्यावा आणि गप्प बसावे. जुने शौकीन पडद्याकडे पाहतच नाहीत, कानाने ओळखतात. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड १८८१ साली गोळी लागून पडला होता, तेव्हा टेलिफोनवाला ग्रॅहॅम बेल आपले यंत्र घेऊन गोळी शोधायला गेला होता. यंत्र जागोजागी वाजू लागले. गादीखाली पोलादी तारा होत्या हे नंतर कळले. यंत्र खोटे बोलले नव्हते, त्याच्या बोलण्याचा अर्थ चुकला होता. तेव्हापासून आजपर्यंत दुखणे तेच आहे, फक्त आता अर्थ काढण्याची चूक यंत्रच आपल्या वतीने करते.

सापडलेल्या वस्तूचे काय करायचे, हा प्रश्न पत्रांत कोणीच विचारलेला नाही. आम्ही मात्र तो टाळणार नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. मालक पुढे आला नाही तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा, असा साधारण नियम आहे. सरकारला ती ठेवायची असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ती घेता येते. न कळवल्यास हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित जागी खणणे हा तर वेगळाच गुन्हा. शरीयतचाही हिशेब आहे. रस्त्यात सापडलेली दुसऱ्याची चीज म्हणजे लुक्ता, ती अमानत आहे, वर्षभर पुकारा करून मालक शोधायचा असतो. जुना पुरलेला दफिना म्हणजे रिकाज, त्यात पाचवा हिस्सा द्यायचा असतो. हनफी आणि शाफई मतांत तपशिलाचा फरक आहे, तो आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावा. पण सापडले म्हणजे माझे, हे ना कायद्यात आहे ना दीनमध्ये.

नाशिककरांना तर याचे मोल विशेष कळावे. १९०६ साली जवळच्या जोगलथेंबी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचे राज्य कोणी घेतले याची एवढी ठाम साक्ष दुसरी नाही. ती साक्ष चांदीत नव्हती, नाणी एकत्र राहिली यात होती. तोच साठा गुपचूप सराफाच्या मुशीत गेला असता तर चांदीचा भाव मिळाला असता आणि इतिहास धुरात गेला असता. आज अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथे जाऊन कोणीही हे समजून घेऊ शकतो.

यावरून आमची आणखी एक मागणी. वस्तू सापडली ती जागा, खोली आणि तारीख यंत्राने स्वतः टिपून ठेवावी. मोबाइलमध्ये जागा कळतेच, मग यंत्रात का नको? इंग्लंडमध्ये १९९७ पासून शौकिनांनी सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची सरकारी योजना आहे आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. तिथले संशोधक शौकिनांना चोर समजत नाहीत, कारण शौकीन नोंद देतात. फक्त ही नोंद यंत्राच्या मालकाजवळ राहावी, कंपनीच्या परदेशातल्या कपाटात नको. नाही तर कोणत्या शिवारात काय निघते याची यादी लुटारूंच्या हाती जायला वेळ लागणार नाही.

राहिला धंद्याचा मुद्दा. असे यंत्र बनवणार कोण? सुरक्षेची चौकट आणि हातातले डिटेक्टर हैदराबादची सरकारी ईसीआयएल कंपनी बनवते. सिंहस्थाला अशा चौकटी लागतात, २०२७ लाही लागतील. पण मातीत शोधणाऱ्या यंत्रांत परदेशी माल आणि त्याच्या नकला यांचेच राज्य दिसते. नकलांचा धोका किती, हे सुदानवरून कळते. तिथे सोन्याची लाट आली, हजारो लोक यंत्र घेऊन वाळवंटात उतरले, आणि चीनमध्ये बनलेल्या नकली मिनलॅब दुबईमार्गे तिथे पोचल्या. २०१३ नंतर मूळ कंपनीचा नफा घसरला. ज्या गरिबाने उंट विकून नकली यंत्र घेतले त्याचा घाटा कोणत्याही ताळेबंदात आला नाही.

तुर्कांनी मात्र दाखवून दिले की, अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या मक्तेदारीत शिरता येते. नोक्ताने तशीच कामगिरी कमी किमतीत दिली, पाण्यात चालणारे यंत्र दिले, आणि आज ती जगभर विकते. नाशिकला हे का जमू नये? सातपूर, अंबड, सिन्नरच्या वसाहतींत एबीबी, क्रॉम्प्टन अशा कारखान्यांभोवती कॉइल गुंडाळणारी, पॅनेल जोडणारी किती तरी छोटी वर्कशॉप्स उभी राहिली. आपल्या समाजातली मुले त्यांत कामाला आहेत, काहींची स्वतःची आहेत. मेटल डिटेक्टरचा जीव कॉइलमध्ये असतो. ती घट्ट, न हलणारी, पाणी न शिरणारी गुंडाळणे ही निम्मी कारागिरी. बाकीचे सर्किट आता गुपित राहिलेले नाही. पल्स पद्धतीच्या यंत्रांचे आराखडे उघड मिळतात, ते कोणीही बनवून पाहू शकतो.

त्या यंत्राची दुरुस्ती मात्र इथे झाली पाहिजे. आज तबकडीची वायर तुटली तर नवी तबकडी मागवावी लागते, कारण सगळे राळेत ओतून बंद केलेले असते. बॅटरीही आत चिकटवलेली. साध्या पेन्सिल सेलवर किंवा मोबाइलच्या चार्जरवर चालणारे, स्क्रू काढून उघडता येणारे आणि मराठीत बोलणारे यंत्र हवे. दांडा थोडा जड झाला तरी चालेल.

तिघा पत्रलेखकांना आता उत्तर देतो. वखारवाल्या भाईंनी साधे यंत्र आजच घ्यावे, लोखंड गाळणे बंद ठेवून ओंडक्यावर दोन्ही बाजूंनी फिरवावे, पात्याच्या एका जोडीत पैसे वसूल होतील. भंगारवाल्या भाईंनी थांबावे. मोबाइल दुकानातल्या मुलाने नवे विकत न घेता तारेचे रीळ आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन पल्स पद्धतीचे एक यंत्र स्वतः बनवावे आणि काळ्या मातीच्या कुंडीत आईची बाळी पुरून ते वाजते का पाहावे. आईला आधी विचारून. काय निष्पन्न होते ते त्याने आम्हाला कळवावे, याच पानावर छापू.